काचेखालचा डोळा

अक्षय तृतीया जवळ आली तसा कोंढाळीहून चंपतरावांचा फोन आला. चंपतराव म्हणजे माझ्या बायकोचा, अंजनाचा, धाकटा भाऊ. अंजना मागच्या दिवाळीच्या आधी गेली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्यानं भरतात आणि पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई असं पान मांडतात. माणूस गेल्यानंतरची पहिली तृतीया कोणी चुकवत नाही.

"भाऊजी, माय आयकून नाई राहिली," चंपतराव म्हणाले. "म्हणते, अंजीची घागर मी माह्या हातानं भरीन. सक्करदऱ्याले न्या म्हणते."

"मग आणतो ना मी."

"तुमी आणान हो. पण उन्ह पाहून राहिले ना? मागच्या उन्हाळ्यात तिले सलाईन लावा लागलं होतं. डॉक्टरनं सांगतलं, दुपारी उंबऱ्याच्या बाहेर पाठवाचं नाई."

"आदल्या दिवशी आणतो. नाहीतर पहाटे निघू."

"तेच त मी म्हटलं. त म्हणे, सकाळी बुढ्याची घागर इथं भरीन, मग पोरीची तिथं. बुढ्याले उपाशी ठेवून कशी जाऊ म्हणे."

बुढा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची घागर जिजाबाईंनी आजवर दुसऱ्या कोणाला भरू दिलेली नाही. जिजाबाई माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. दोन्ही घागरी एकाच दिवशी, एक कोंढाळीत आणि एक नागपुरात, सक्करदऱ्याच्या आमच्या घरी, म्हणजे मधला रस्ता भर दुपारीच कापावा लागणार.

"बरं, भाड्याची गाडी करू म्हटलं," चंपतराव पुढे बोलत होते, "त तिले गाडी लागते. आमच्या पोराच्या नव्या गाडीत बसवली होती, बाजारगावपर्यंत दोनदा उलटी. फक्त अंजीच्या गाडीत लागत नाई तिले. पण भाऊजी, त्या गाडीचा एसी..."

"एसी मी करून घेतो," मी म्हणालो.

"पक्का होईल ना? नाईतर मी तिले पाठवणार नाई. शिव्या देईन म्हणते, देऊ दे."

अंजना गेली तेव्हा माय स्वतः दवाखान्यात होती. तिला धक्का बसू नये म्हणून चंपतरावांनी सांगितलं नाही. घरी आणल्यावर सांगितलं, तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. तिनं लेकीचं तोंड पाहिलं नाही. त्यावर ती रडली की नाही मला माहीत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं फक्त विचारलं, "जेवण कोण करते तुमचं?" त्यानंतर एवढ्या महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

म्हणून गाडी दुरुस्त होणं भाग होतं.

गाडी अंजनाची. ती एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी हिला दिली. एरवी आम्हाला अशी गाडी मिळाली नसती. त्या काळातलं ते सगळ्यात वरचं मॉडेल होतं. त्यात एसी आपोआप चालायचा. आकडा लावायचा, ऑटो लिहिलेलं बटण दाबायचं आणि बसायचं. अंजना गाडी शिकली तेव्हा मयुरा, आमची मुलगी, कॉलेजात होती. शिकवणारा माणूस अंजनाला म्हणाला होता, "काकू, तुमी ब्रेकवर उभ्या राहता." पण शिकली. मला चालवता येते, पण मी नागपूरच्या वेशीवर, वाडीला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात नोकरी केली, दिवसभर ट्रकच्या धुरात. संध्याकाळी मला स्टिअरिंग नको वाटायचं. ती चालवायची, मी बाजूला बसायचो आणि एसीशी खेळायचो.

त्यावरूनच आमचं वाजायचं. गोदामाच्या पत्र्याखाली वर्षं काढलेल्या माणसाला गार हवा दिसली की आणखी गार पाहिजे असते. मी आकडा खाली आणायचो, ती पुन्हा चोवीसवर न्यायची.

"त्याले सांगतलं ना चोवीस. आता तो करते बरोबर. तुमी काहून मधात बोट घालता?"

"अवं, पण गरम होऊन राहिलं."

"होईल थंड. जरा बसा गुमान."

पंखा कमीजास्त करायचं बटण डॉक्टरांच्या काळातच आत गेलं होतं, ते कधी वर आलं नाही. ती म्हणायची, "बरं झालं. तुमच्या हातात एक खेळणं कमी."

कोंढाळीला मायला आणायला-सोडायला गेलो की एसी हमखास मरायचा. एरवी महाल भागात जा, लग्नाला जा, बरा चालायचा. माय मागे बसली की हवा मंद व्हायची आणि समोर बसलेल्या माझ्या अंगावर ऊन यायचं. मी म्हणायचो, "तुझ्या मायले बसवलं का तुझी गाडी मरते." ती म्हणायची, "मरू द्या," आणि हसायची. माय मागून म्हणायची, "काय म्हणून राहिले वं जवाई?" अंजना म्हणायची, "काही नाई माय, उन्हाचं बोलून राहिले."

तिनं शेवटची गाडी चालवली ती मायला कोंढाळीला सोडायलाच. पोळ्यानंतरचे दिवस होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं. मग ती आजारी पडली, मग गेली, गाडी फाटकाच्या आत उभी राहिली. होळीनंतर मी बॅटरी बदलली आणि एकदोनदा बाहेर काढली. सकाळी एसी ठीक, ऊन वर आलं की नाही. घराजवळच्या मेकॅनिकनं गॅस भरून दिला. काही फरक नाही. त्यानं पुन्हा भरला. मग म्हणाला, "गाडी जुनी झाली काका, विकून टाका."

मी वाडीला दुर्गेशकडे गेलो. अमरावती रोडवर गोदामांच्या रांगेत त्याचं गॅरेज आहे, फक्त एसीचं काम करतो. आमच्या कंपनीच्या साहेबांची गाडी त्याच्याकडेच जायची. चाळिशीचा आहे, बोलतो फार.

"काकाजी, लय दिवसांनी," तो म्हणाला. "काकी नाई आल्या?"

मी सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"मले कोणी सांगतलं नाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "चहा घेता का?"

चहा घेतला. मी त्याला अक्षय तृतीयेचं सांगितलं, मायचं सांगितलं, चंपतरावांची अट सांगितली. तो म्हणाला, "मग हे गाडी नाई, अँब्युलन्स आहे म्हणा ना. पाहू."

त्यानं आधी नळ्या हातानं चाचपल्या, मीटर लावलं. गॅस बरोबर होता. मग गाडीत बसला आणि मला बाजूला बसवलं.

"काकाजी, साध्या एसीत काय असते? तुमीच मालक. जास्त करा, कमी करा. यात तसं नाई. यात तुमी फक्त सांगाचं, मले एवढं पाह्यजे. बाकी आतला साहेब पाहून घेते."

"कोणता साहेब?"

"आत एक डबा आहे, छोटासा. त्याले आपण साहेब म्हणू. साहेब केबिन सोडत नाई. त्याचे माणसं फिरून खबर आणतात. एक समोर बंपरच्या मागे उभा आहे, तो सांगते बाहेर किती तापलं. एक कॉइलजवळ, तो पाहते बर्फ त नाई जमून राहिला. अन् एक इथं, तुमच्यासमोर. ही बारीक जाळी दिसते? हा गाडीतली हवा आत ओढते अन् हुंगते. सांगते साहेबाले, अजून गरम आहे, अजून गरम आहे, आता झालं."

"मग साहेब काय करतो?"

"पंखा वाढवते, नाईतर कमी करते. बाहेरची हवा घ्याची का आतलीच फिरवाची ते ठरवते. अन् पडदी हलवते. आत थंड कॉइल आहे तसं इंजिनच्या गरम पाण्याचं रेडिएटर बी आहे. मधात एक पडदी. इकडे सरकली त गरम मिसळते, तिकडे सरकली त निव्वळ थंड. तुमी आंघोळीच्या बादलीत गरम-थंड मिसळता ना, तसं. हात घालून पाहता, अजून थोडं, अजून थोडं. तो दिवसभर तेच करते."

हे मला लगेच कळलं. आमच्या गोदामात साहेब असाच केबिनमध्ये बसायचा. आम्ही हमालांची, ट्रकची, पावत्यांची खबर नेऊन द्यायचो आणि तो हुकूम सोडायचा. खबर चुकीची गेली की माल चुकीच्या गावाला जायचा. दोष साहेबाचा नसायचा.

"मग खबर कोण चुकीची देतो आहे?" मी विचारलं.

दुर्गेश हसला. "आता बोलले मुद्द्याचं."

त्यानं पुडीवरच्या पातळ कागदाचा कपटा फाडला आणि जाळीजवळ धरला. कपटा खाली पडला. "हवा ओढून नाई राहिला हा. नाक चोंदलं त्याचं." जाळी काढली तर आत धूळ आणि कापसासारखं काहीतरी बसलं होतं. त्यानं हवा मारून साफ केलं आणि पुन्हा कपटा धरला. या वेळी तो चिकटून राहिला.

मग तो डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून झोपला आणि मला आकडा वर-खाली करायला लावला. आतून टक टक असा आवाज येत होता. "पडदीच्या मोटरचे दात गेले. प्लास्टिकचे असतात. पडदी अर्ध्यात अडकली, म्हणून थोडं गरम कायम मिसळून राहिलं." नवी मोटर मिळणार नव्हती. त्यानं वाडीतच, भंगारात आलेल्या तशाच गाडीतून जुनी आणली आणि दुसऱ्या दिवशी बसवली.

शेडमध्ये गाडी अशी गार झाली की दार उघडताच माझ्या चष्म्यावर वाफ आली. दुर्गेश म्हणाला, "आता उन्हात काढू." बाहेर काढली, भर दुपार, थोडा वेळ थांबलो. हवा होती, पण मंद. ऊन काचेतून छातीवर येत होतं आणि पंखा मात्र संध्याकाळ झाल्यासारखा हळू चालत होता.

दुर्गेश कपाळाला आठ्या घालून बसला होता. मग त्याची नजर डॅशबोर्डवर गेली. समोर काचेला लागून अंजनाचा रुमाल होता, क्रोशानं विणलेला, पांढरा, जाड, दुहेरी घडी घातलेला. रात्रपाळीत विणायची ती. त्यानं घडी उचलली. खाली डॅशबोर्डमध्ये एक काळी गोल टिकली होती, बटणाएवढी.

"हे घ्या," तो म्हणाला. "सापडला."

"काय आहे ते?"

"डोळा. उन्हाचा डोळा. साहेबाचा हा एक माणूस राहिलाच होता सांगाचा. याचं काम एकच, माणसाच्या अंगावर ऊन किती पडून राहिलं ते सांगणं. ऊन दिसलं का साहेब पंखा वाढवते, जास्त थंड पाठवते, आतली हवा तापाची वाटच नाई पाहत. अन् तुमी याचा डोळाच बांधून ठेवला. साहेबाले वाटते बाहेर सावली आहे."

"आम्हाला काय माहीत?"

"कोणालेच नाई राहत मालूम. कोणी गणपती चिकटवते यावर, कोणी साईबाबा. एकानं त लिंबू ठेवलं होतं." बोलता बोलताच पंख्याचा आवाज चढला आणि हवा जोरात यायला लागली. दुर्गेशनं माझ्याकडे पाहून हात पसरले. मग रुमालाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "काकीच्या हातचं दिसते. घरी ठेवा. इथं नका ठेवू."

मी तो घरी नेऊन कपाटात ठेवला आणि चंपतरावांना फोन केला. सांगितलं, एसी असा झाला आहे की स्वेटर घालावं लागेल.

तृतीयेच्या सकाळी मयुरा घरी होती. ती भिलाईहून आदल्या दिवशीच आली होती. मी निघालो तेव्हा ती पुरण वाटत होती. म्हणाली, "बाबा, आजीला धरून उतरवा. आणि पाणी ठेवलंय पिशवीत." मी ऑटोचं बटण दाबलं आणि चोवीसवर ठेवलं. वाडी ओलांडेपर्यंत ऊन कडक झालं होतं, तरी गाडीत माघ महिना होता. असा एसी मी या गाडीत कधी पाहिला नव्हता. बाजूची सीट रिकामी होती. वाटलं, आता हिला म्हणता आलं असतं, बघ, याला म्हणतात थंड. ती म्हणाली असती, "झालं समाधान?"

कोंढाळीला पोहोचलो तेव्हा सासऱ्यांची घागर भरून झाली होती. माय पांढऱ्या लुगड्यात ओट्यावर तयार बसली होती, बाजूला एक आंब्यांची आणि एक कपड्यांची पिशवी. चंपतरावांची बायको मला पाणी देता देता हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, लेकीची घागर मायनं भरू नये म्हणतात. तुमीच सांगा ना त्यायले." तिला वाटलं मायला ऐकू जात नाही.

"माह्यी तिनं भराची होती," माय म्हणाली. "ते नाई थांबली, मी थांबली. आता ज्याले जे म्हणाचं ते म्हणा."

चंपतरावांनी गाडीत डोकं घालून हात फिरवला, गार हवा लागली तेव्हा मान हलवली. मागच्या काचांना ओले टॉवेल लावले. "जवाई, हळू चालवा हो," ते म्हणाले. लहानपणापासून ते मला भाऊजी म्हणतात, पण काळजीत असले की जवाई म्हणतात. "तिचं काही वाटलं त परत या. माह्या मनात काही येणार नाई."

निघालो. सूर्य डोक्यावर होता. काचेखालच्या डोळ्यावर सरळ ऊन पडत होतं आणि साहेबानं आपलं काम सुरू केलं होतं. पंखा गर्जत होता. मला बरं वाटत होतं. पाचसात गावांच्या पाट्या गेल्या असतील, मागून आवाज आला.

"जवाई, हे वादळ बंद करता येते का?"

आरशात पाहिलं तर तिनं पदर नाकाला लावला होता आणि डोळे मिटले होते. मी आकडा वाढवला. थोड्या वेळानं हवा कोमट झाली, गाडीत डांबराचा आणि पेट्रोलचा वास यायला लागला. ती म्हणाली, "आता मळमळून राहिलं." कमी केला, पुन्हा झंझावात. पंख्याचं बटण होतंच कुठे. घाईत मी दुसरंच काहीतरी दाबलं आणि सगळी हवा समोरच्या काचेवर जाऊन भोंग्यासारखी वाजायला लागली. ते बंद करेपर्यंत मागे उलटी झाली होती.

बाजारगावच्या अलीकडे एका रसवंतीच्या बाजूला मोठा कडुनिंब आहे, तिथे गाडी सावलीत घेतली. दार उघडलं तर बाहेरची हवा भट्टीसारखी अंगावर आली. लगेच लावून घेतलं. मायला पाणी दिलं, तोंड धुतलं, लुगडं पुसलं. तिचा हात माझ्या हातात होता, गार आणि हलका. मला चंपतराव दिसायला लागले. ही इथं काही होऊन बसली तर मी त्यांना काय सांगणार होतो. आणि परत नेली तर ती पुन्हा कधी सक्करदऱ्याला येणार नव्हती, हेही मला माहीत होतं. पुढच्या तृतीयेचा भरवसा तिच्या वयाला कोण देणार.

"माय, परत जाऊ का?" मी विचारलं.

"नाई."

"तुमाले सोसवून नाई राहिलं."

"ओकली ना आता. झालं." तिनं इलायचीचा दाणा तोंडात टाकला. मग दोन सीटांच्या मधून पुढे पाहिलं, बराच वेळ. "अंजीचं फडकं कुठी गेलं?"

"कोणतं फडकं?"

"ते समोर टाकत जाय ना. पांढरं. मी बसली का टाके."

मी मागे वळून बसलो. "तुमी बसल्या का?"

"तुमी मले पहिल्यांदा या गाडीतून रामटेकले नेलं होतं, आठवते का? मनसरच्या अलीकडे मी ओकली होती."

"आठवते." मीच गाडी धुतली होती.

"मग तुमी तिथं मक्याचे बुट्टे घ्याले उतरले. माह्या अंगावर वारा लागून राहिला म्हणून अंजीनं ते फडकं काढलं, मी म्हटलं मले नको, त तिनं समोर फेकून देल्लं. अन् जरा वेळानं वारा बसला. ते म्हणे, माय, हे काय झालं. उचललं त वारा आला. ठेवलं त बसला. दोनतीन डाव करून पाह्यलं तिनं, लेकरावानी. तुमी बुट्टे घेऊन आले त गुमान बसली."

"मले काहून नाई सांगतलं?"

"म्हणे, ह्यायले सांगतलं त थे काढून फेकतील. त्यायले थंड लागते."

मी तसंच केलं असतं, यात शंका नव्हती. तिनं बरोबर ओळखलं होतं. मला हसू आलं. मायही पदराआडून हसली, दात नसलेलं तोंड उघडून. रसवंतीवाला आमच्याकडे पाहत होता. भर दुपारी गाडी थांबवून हे दोघं म्हातारे काय हसतात, असं त्याला वाटलं असेल.

फडकं घरी कपाटात होतं. माझ्या डोक्याला दुपट्टा होता, उन्हाळ्यात आम्ही सगळेच बांधतो. तो सोडला, चार घड्या केल्या आणि काळ्या टिकलीवर ठेवला. गाडी रस्त्यावर घेतली. पंखा तसाच गर्जत होता. मला वाटलं, झालं, नाही होत. मग हळूहळू आवाज उतरत गेला आणि साहेबाला सावली आल्याची खबर पोहोचली. हवा मंद झाली, कोमट नाही, गारही नाही, घरात खिडकीशी बसल्यासारखी. मी आरशात पाहिलं. मायनं पदर नाकावरून काढला होता.

"हं," ती म्हणाली. "आता अंजीची गाडी झाली."

ती मागे ओल्या टॉवेलांच्या सावलीत होती, तिला ते पुरेसं होतं. समोर मी उन्हात होतो. छातीवर, मांड्यांवर ऊन पडत होतं, मंद हवा त्याला पुरत नव्हती. शर्ट पाठीला चिकटला. वाडीचे ट्रक लागले तेव्हा घाम डोळ्यांत उतरत होता. याच सीटवर अंजना बसायची, हेच ऊन तिच्याही अंगावर यायचं. बाजूला मी कुरकुर करायचो, की एसी मेला. तिनं एकदाही म्हटलं नाही की मलाही गरम होते आहे. घाम पुसताना मी तिला पाहिलं होतं, पण चालवणाऱ्या माणसाला घाम येतोच, असं मला वाटायचं.

मी दुपट्टा काढला नाही. आकड्यालाही हात लावला नाही. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागे वळून पाहिलं. माय झोपली होती, मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. सक्करदऱ्यापर्यंत मी ब्रेक कुठेही जोरात दाबला नाही. अंजनाही ब्रेक असाच हळू लावायची, शिकवणाऱ्याचं बोलणं तिला लागलं होतं.

मयुरा फाटकात उभी होती. आजीला धरून आत नेलं. मायनं हातपाय धुतले, आंब्याची पिशवी मयुराकडे दिली आणि विचारलं, "घागर कुठी आहे?"

देवघरापुढे पाट मांडला होता, गव्हाच्या राशीवर नवी लाल घागर आणि बाजूला केळीच्या पानावर वाढलेलं ताट. शेजारच्या बाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं, त्या एका कोपऱ्यात बसल्या होत्या. मयुरानं बादली जवळ आणली. माय खाली बसली, बसायला वेळ लागला. तांब्या घेतला, बुडवला, उचलला. निम्मं पाणी पाटावर सांडलं. मी घागरीला हात लावायला वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली.

मी मागे सरलो. ती एकेक तांब्या घालत राहिली. मध्ये थांबली, दम घेतला, पुन्हा घातला. मोठ्यानं काही म्हणत नव्हती. ओठ हलत होते, पण ते मंत्र नव्हते. आम्हाला ऐकू येत नव्हतं आणि ते आमच्यासाठी नव्हतंच. घागर काठापर्यंत आली तेव्हा तिनं वर एक आंबा ठेवला, कोंढाळीच्या झाडाचा, आणि पाट पुसायला मयुराचा हात बाजूला करून स्वतःच्या पदरानं पाट पुसला. मग भिंतीला टेकून बसली. तेव्हा ती रडली, आवाज न करता, बराच वेळ. मयुरा तिच्याजवळ बसली. मी उभाच होतो, मग मीही खाली बसलो.

चंपतरावांचा फोन वाजत होता. मी उचलला आणि सांगितलं, पोहोचली, घागर भरली. ते म्हणाले, "बरं." मग पुन्हा म्हणाले, "बरं केलं."

सवाष्णीचं जेवण झालं, मग आमची पंगत बसली. मायनं रसात पोळी कुस्करून खाल्ली आणि मयुराला म्हणाली, "पुरणात जायफळ जास्त झालं वं." मयुरा म्हणाली, "आईच्या अंदाजानंच घातलं आजी." "मग तिचंच जास्त होत असन," माय म्हणाली आणि आणखी एक पोळी घेतली.

दुपार कलल्यावर मी विचारलं, "माय, उन्हं उतरली की निघायचं का? संध्याकाळी सोडतो तुमाले."

तिनं मयुराला घागरीतलं पाणी मागितलं. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि पेला खाली ठेवला.

"नवं मडकं आहे, आज नाई लागत थंड," ती म्हणाली. "दोनतीन दिवस झिरपलं पाह्यजे. मग पाहा याचं पाणी."

तिनं भिंतीजवळची चटई स्वतःच ओढून घेतली आणि तिथेच आडवी झाली. मी गाडीतून तिची कपड्यांची पिशवी आणायला बाहेर गेलो.